हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीनंतर मामांकडे गेलो होतो, नारायणगावजवळच्या वस्तीवर. जमिनीचे जुने कागद शोधायचे होते म्हणून माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. सोसायटीच्या पावत्या, जुने सातबारे, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि सगळ्यात खाली घडी घातलेला, पिवळा पडलेला एक कागद. २००३ सालच्या अपघाताच्या फिर्यादीची नक्कल. मामांनी चष्मा शोधला, सापडला नाही. म्हणाले, "तूच वाच."

वाचली. यातील आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगात चालवून... तुमच्यापैकी ज्यांनी कधी अपघाताची फिर्याद वाचली असेल त्यांना हे वाक्य पाठ असेल. गाडी बदलते, गाव बदलतं, वाक्य तेच. कलम २७९, कलम ३३८.

मामा ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "त्यात झोपेचं काय लिव्हलंय का बघ."

पुन्हा वाचलं. कुठेच नव्हतं.

"भरधाव कसली रं? चाळीसवर होती गाडी. मला झोप लागली व्हती. तसं मी सांगितलं पण व्हतं."

आमच्या घरच्यांना ही हकीकत माहीत आहे, पण भाचेकंपनीतल्या निम्म्यांना नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. (मामा-मामींना आणि त्या वेळच्या क्लीनरलाही विचारूनच लिहितोय.) मामांची ४०७ होती, कर्ज काढून घेतलेली. आपला आणि आसपासच्या वस्त्यांचा भाजीपाला वाशीला न्यायचा. आमच्याकडे अशा माणसाला हुंडेकरी म्हणतात. ठरल्या पैशात माल पोचवून द्यायचा पत्करणारा, असा तो जुना शब्द. दिवस सकाळी सहाला सुरू व्हायचा, गोठ्यापासून. दुपारी टोमॅटोची तोडणी. चारनंतर वस्ती-वस्तीवरून माल भरत फिरायचं. इथे वीस क्रेट, तिथे तीस, कुणाची कोथिंबीर अजून शेतातच. रात्री नऊच्या सुमारास आळेफाट्यावरून ओतूरच्या रस्त्याला लागायचं, माळशेज उतरायचा, टोकावडे, मुरबाड, कल्याण करत दोन-अडीचला बाजारात. तिथे हमालांची वाट बघत रांगेत उभं राहायचं. त्या मधल्या तासाभरात स्टिअरिंगवर डोकं टेकवायचं, तेवढीच झोप. तीही अशा ठिकाणी, जिथे दर मिनिटाला कुणीतरी पत्रा बडवून "गाडी पुढं घ्या" म्हणून ओरडतं. पहाटे रिकामे क्रेट घेऊन परत. हंगामात आठवड्याच्या पाच-सहा रात्री असंच.

त्या दिवशी घाट चढून वर आले होते. खुबी फाट्याजवळ पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसायला लागतं, आणि मामा म्हणतात की ते पाणी दिसलं की घर आल्यासारखं वाटायचं. मन सैल पडायचं. मढच्या अलीकडे, सकाळी नऊ वाजता, लख्ख उजेडात, गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. मामांना खरचटलं. क्लीनर पोरगा एकोणीस वर्षांचा होता, शेजारच्या वस्तीवरचा. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मामांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला. ४०७ विकली, अर्धा एकर विकला, त्यातून पोराचा इलाज केला आणि पुढे त्याला किराणा दुकान टाकून दिलं. ते दुकान आजही चालू आहे. पण मामांनी नंतर कधी स्टिअरिंग हातात धरलं नाही.

मला तो कागद सोडेना. मी काही इतिहासकार नाही, पण जुन्नरचा भाचा आहे. आणि जुन्नरच्या माणसाला रस्त्याचा इतिहास विचारला की तो सरळ दोन हजार वर्षं मागे जातो! मीही गेलो.

नाणेघाट तुम्ही पाहिला असेलच. कोकणातून वैशाखऱ्याच्या बाजूने चढून घाटघरला निघणारी ती खिंड. कल्याणच्या बंदरातला माल या वाटेने जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. वरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. यज्ञ किती केले, दक्षिणा काय दिली, हजारांनी गाई, हजारांनी कार्षापण नाणी, सगळे आकडे दगडात कोरलेत. भारतातल्या आकड्यांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही होत्या. आता त्यांची नावं आणि पायाचे थोडे अवशेष उरलेत. वर तोंडाशी तो दगडी रांजण. त्यात जकातीची नाणी टाकत, असं गावोगाव सांगतात.

एवढ्या आकड्यांत तो घाट चढून आलेल्या एकाही बैलवाल्याचा उल्लेख नाही. तो तिथे होता, हे कशावरून कळतं? पाण्याच्या टाक्यांवरून. लेण्याच्या भिंतींलगत कोरलेल्या बाकांवरून. घाट चढून आलेल्या माणसाला बसायला जागा आणि प्यायला पाणी लागतं, हे कुणीतरी ओळखलं होतं आणि त्यासाठी कातळ फोडला होता. जुन्नरभोवतीच्या लेण्यांतही तेच. तिथल्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. चिट नावाच्या एका यवनाने भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या दुसऱ्याने दोन पोढी. ही दानं भिक्षुसंघाला होती, ड्रायव्हर-क्लीनरला नव्हे, हे मान्य. पण व्यापारात पैसा मिळवलेल्या माणसाला निवारा, पाणी आणि जेवणाची जागा यांवर खर्च करावासा वाटत होता, एवढं त्यातून दिसतं. आजच्या भाजीबाजारातली एखादी व्यापारी संघटना सात खोल्यांचं विश्रांतिगृह बांधून त्यावर आपलं नाव कोरेल का? कोरावं की! मी स्वतः जाऊन वाचेन.

नाणेघाटातून पुढे कित्येक शतकं बैलांचे तांडे चालत राहिले. खाली मीठ, वर धान्य. तांड्याचा वेग बैल ठरवायचा. चार-पाच कोस झाले की बैल थांबणार, त्याला पाणी-वैरण लागणार, त्याची गोणी उतरवावी लागणार. बैलाला चाबूक मारून रात्रभर चालवणारा तांडेवाला चार दिवसांत बैलाविना राहिला असता. आणि बैल थांबला की माणूसही थांबायचा. माणसाच्या झोपेसाठी कुणाला वेगळा कायदा करायची गरज नव्हती, ती सोय बैलाच्या पायांतच होती. (वाटेतल्या भुकेचे, तापाचे, वाघाचे आणि लुटारूंचे हाल वेगळे. जुनं ते सगळं सोनं होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही.)

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर आली, दोन वर्षांनी थळ घाटातून. नाणेघाट ओस पडला. पुढच्या शतकात मोटारी आल्या, आणि इथेच ती गोष्ट घडली. इंजिन थकत नाही. डिझेल घातलं की ते रात्रभर चालतं. आता गाडी किती चालणार हे ठरवायला थकणारा एकच जीव उरला, आणि तो बैलासारखा रस्त्यात बसकण मारू शकत नाही. बसला तर हप्ता चुकतो.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी सुटली, किसन राऊत चालक आणि लक्ष्मण केवटे वाहक. त्यानंतर एसटीने जी व्यवस्था उभी केली तिच्यात चालकाची झोप धरलेली होती. ड्युटीचा तक्ता, आगारातली विश्रांतीची खोली, आणि आपल्या सगळ्यांची लाडकी मुक्कामी गाडी. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांत संध्याकाळी आलेली गाडी पहाटेपर्यंत तिथेच असायची. चालक-वाहक कधी देवळात झोपत, कधी गाडीतच सीटवर. आरामाची झोप नव्हे ती. डास असत, पावसाळ्यात टप गळे. पण गाडी उभी असे आणि त्यांना डोळे मिटायची मुभा असे. गावातून कुणीतरी भाकरी-कोरड्यास आणून देई. त्या गाड्यांची माणसं गाव ओळखत असत. ३० जुलै २०१४ ला आंबेगावातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. त्या सकाळी तिकडे एसटी घेऊन गेलेल्या चालकाला गावच दिसेना, आणि त्यानेच ती खबर पुढे पोचवली. रोज येणारा, जागा असलेला माणूस होता म्हणून.

एसटीतही सगळं आलबेल होतं असं कोण म्हणेल? डबल ड्युट्या, पगाराची रखडपट्टी, शेवटी २०२१-२२ चा तो महिनोन्महिने चाललेला संप. पण निदान तिथे चालकाच्या तासांची नोंद होते, आणि त्या नोंदीवर भांडता तरी येतं.

१९६१ मध्ये केंद्राने मोटार परिवहन कामगारांचा कायदा केला. मी तो वाचला तेव्हा चाटच पडलो, कारण त्यात सगळं होतं. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांबच्या मार्गावर परवानगीने दहा आणि चोपन्न. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. कामाचा सगळा पसारा बारा तासांच्या आत. एक दिवसाचं काम संपल्यावर दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. युरोपात आज साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावं लागतं, आणि गाडीतलं यंत्र ते नोंदवतं. आपला कायदा मान्य केलेल्या गोष्टींत त्याच्या फार मागे नव्हता.

मग मामा सव्वीस तास जागे कसे होते? तर कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं होतं की हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या परिवहन व्यवसायाला लागू. राज्य सरकारने वाटल्यास त्याहून लहानांनाही लावावा, अशी मुभा होती खरी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही चालकाच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवलं. आता तो २०२० च्या श्रमसंहितेत विरघळला आहे. मामांच्या ४०७ वर कामगार किती? एक क्लीनर. मालक आणि ड्रायव्हर मामाच. स्वतःला स्वतःकडून आठ तासांनी सुट्टी कोण देणार? नारायणगाव, ओतूर, मंचर, सातगाव पठार, कुठल्याही गावातून रात्री निघणाऱ्या गाड्या बघा. एका गाडीचा एक मालक, फार तर दोन गाड्यांचा. यांच्या मनगटावरचं घड्याळ बाजार लावतो. वाशीत लिलाव पहाटे, म्हणून गाडी रात्री. पूर्वी भायखळ्याला जायची तेव्हाही तेच. १९९६ मध्ये भाजीबाजार नवी मुंबईत गेला, वेळ पहाटेचीच राहिली. गिऱ्हाइकाला सकाळी ताजी भाजी हवी असते. माझ्या घरीसुद्धा!

नारायणगावचं नाव निघालं की तमाशा आलाच. विठाबाईंचं हे गाव. दसऱ्यापासून यात्रा-जत्रांच्या हंगामापर्यंत फडांचे ट्रक महाराष्ट्रभर फिरतात. आज या गावात खेळ, उद्या पन्नास-शंभर किलोमीटरवर. मध्यरात्र उलटून गेल्यावर खेळ संपतो, मग कनाती सोडायच्या, खांब काढायचे, सगळं ट्रकवर चढवायचं आणि निघायचं. कलाकार सामानावरच आडवे होतात. जागा असतो तो ड्रायव्हर, आणि कित्येकदा खांब काढायलाही तोच हात लावतो. तमाशावर इतकं लिहिलं गेलं, नाच्यावर, सोंगाड्यावर, ढोलकीवाल्यावर. ड्रायव्हरवर मी एक ओळ वाचलेली नाही. लहानपणी आम्हाला त्या ट्रकवरच्या चित्रांचं केवढं अप्रूप होतं, पण पुढे केबिनमध्ये कोण बसलंय हे आम्हीही कधी पाहिलं नाही.

आता त्या सव्वीस तासांबद्दल. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या दोघांनी एक साधा प्रयोग केला. त्याच माणसांना एकदा जागं ठेवलं, एकदा दारू पाजली, आणि दोन्ही वेळी हात-डोळ्यांच्या मेळाची एकच चाचणी घेतली. सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्यासारखा वागतो आणि चोवीस तास जागा असलेला साधारण ०.१० टक्के असलेल्यासारखा, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे दारूची कायदेशीर मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. माळकरी मामांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. पण मढच्या अलीकडे त्यांचे हात आणि डोळे मर्यादेच्या तिप्पट प्यायलेल्या माणसाचे होते. त्यांची नळीत फुंकायची तपासणी झाली, ती अर्थातच कोरी आली, आणि प्रश्न मिटला. झोप मोजायची नळी नाही.

म्हणून मग कागदावर 'भरधाव' येतं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारी अहवालात त्यांतली सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या खात्यात आहेत. अतिवेग खोटा आहे असं नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर उभं राहिलात तर पाच मिनिटांत पटेल. पण त्या सत्तर टक्क्यांत माझ्या मामांचा चाळीसचा वेगसुद्धा 'भरधाव' म्हणून बसतो. जो आकडा असा गोळा होतो त्यावरून रस्ते रुंद होतात, वेगाचे कॅमेरे लागतात, दंड वाढतो. झोपेच्या खात्यात काही जमाच नाही, तर तिच्यावर खर्च कोण मंजूर करणार?

जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर लोकांनी चक्का जाम केला तो आठवतो? नव्या न्यायसंहितेत धडक देऊन पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होती, त्यावरून. तेव्हा मी चिडून लिहिणार होतो की पळून जाणाऱ्यांची बाजू कसली घेता. बरं झालं लिहिलं नाही. पळणाऱ्याला शिक्षा हवीच, हे माझं मत आजही आहे. पण शिक्षेची वर्षं मोजताना त्याच्या जागेपणाचे तासही कुणीतरी विचारायला हवे होते. २०२५ पासून साडेतीन टनांच्या वरच्या नव्या मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तो मात्र मला मनापासून चांगला निर्णय वाटतो. आमच्याकडची भाजी नेणारी पिकअप साडेतीन टनांच्या आत बसते, हा तिचा दुर्दैवयोग.

आळेफाट्यावरून जाताना आळे गावात एकदा वाकडी वाट करा. माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथे आहे. लोक श्रद्धेने येतात, नारळ फोडतात. पखाल वाहणाऱ्या जनावराला आमच्या तालुक्याने समाधी दिली, याचा मला लहानपणापासून अभिमान आहे. तिथून हाकेच्या अंतरावर कल्याण-नगर आणि पुणे-नाशिक हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. रात्री अकराला फाट्यावर उभं राहिलं की चारी बाजूंनी माल चाललेला दिसतो. चहाच्या टपरीवर ड्रायव्हर डोळ्यांवर पाणी मारतात, कुणी तंबाखूचा बार भरतो, कुणी हिरवी मिरची दाताखाली धरतो. मामांचा उपाय शेंगदाण्यांचा होता. एकेक दाणा सोलून खायचा, म्हणजे हात चालू राहतो. दाणे संपले की मात्र काही खरं नाही, असं ते हसत सांगतात.

१७ जानेवारी २०२५ च्या सकाळी नारायणगावजवळ टेम्पोने प्रवासी व्हॅनला मागून धडक दिली, व्हॅन पुढे उभ्या एसटीवर आदळली. नऊ माणसं गेली. कुणाला झोप लागली होती असं मी अजिबात म्हणत नाही. एवढंच की त्या दिवशी मामा जेवले नाहीत, असं मामी सांगत होत्या.

आणखी एक गोष्ट मामींनी सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. मामांना आता चौऱ्याहत्तरावं आहे. गाडी सोडून वीस वर्षं होऊन गेली, पण रात्री दीडला त्यांना अजून जाग येते. मी त्या रात्री मुक्कामाला होतो, स्वतःच पाहिलं. ओट्यावर येऊन बसले, घोंगडी पांघरून. लांब महामार्गावरून गाड्यांचा आवाज येत होता. माझा मामेभाऊ आता पिकअप घेऊन वाशीला जातो, त्या रात्रीही गेला होता. मामांनी फोन लावला.

"कुठवर आला?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"मुरबाडला टपरी उघडी असंल. थांब थितं. अर्धा तास नीज." मग थोडं थांबून, "भाव पडू दे. नीज म्हंतो ना."

फोन चालूच ठेवून ते बसून राहिले, पलीकडचं इंजिन बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत.